भाकीत चुकलं तुमचं, सत्कार मॅनेजरचा : बेसबॉल पत्रकारांना खुलं पत्र

प्रति,
'मॅनेजर ऑफ द इयर' पुरस्कारासाठी मत देणारे सर्व सदस्य,
बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र मराठीत आहे, त्याला कारण आहे. न्यू जर्सीत आमच्यासारखी क्रिकेटवर पोसलेली पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. पोरं लिटल लीगमध्ये जायला लागली की आईबापही हळूहळू बेसबॉल बघायला लागतात, आणि खेळ जरा कळायला लागला की पहिलं भांडण मॅनेजरवरून होतं. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात धरून, न्यू यॉर्क यँकीजचा मॅनेजर ॲरन बून याला ठेवावा की काढावा यावर तासभर खणाखणी झालेली मी ऐकली आहे. त्या भांडणातला निम्मा दारूगोळा तुमच्या लेखांतून आलेला असतो. म्हणून पत्ता तुमचा, वाचक आमचे.

दर नोव्हेंबरात तुम्ही अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमधून एकेक मॅनेजर निवडता. १९८३ पासून हे चालू आहे. प्रत्येक लीगमध्ये तुमचे तीस मतदार, दर संघाच्या शहरातले दोन. मतपत्रिकेवर तीन नावं; पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. २०२५ मध्ये क्लीव्हलंडचा स्टीफन व्होट आणि मिलवॉकीचा पॅट मर्फी निवडून आले, आणि दोघांचंही ते लागोपाठ दुसरं वर्ष होतं. नावांबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी हरकत आहे ती तुमच्या मोजपट्टीला.

क्रिकेटवाल्या वाचकांसाठी एक खुलासा. गोलंदाज कधी बदलायचा, क्षेत्ररक्षक कुठे उभे करायचे, हे क्रिकेटमध्ये मैदानावरचा कप्तान ठरवतो. बेसबॉलमध्ये ते काम डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकावर, बसलेल्या मॅनेजरचं. तोही खेळाडूंसारखाच गणवेश घालतो, पण खेळत नाही. फलंदाजीचा क्रम तो लावतो, पिचर, म्हणजे गोलंदाज, तो बदलतो, आणि एकदा काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. निर्णय घेतला की घेतला. एवढी सत्ता एका माणसाच्या हातात दिसली की जय-पराजयही त्याच्याच खात्यावर मांडावा असं वाटणं साहजिक आहे. तुम्ही मात्र रोज तिथे असता. तुम्हाला तरी खातं नीट तपासायला हरकत नव्हती.

आता तुमचीच मतं बघू. नॅशनल लीगमध्ये २०२१ साली तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या गेब कॅपलरला निवडलंत. कुणाच्या ध्यानीमनी नसताना जायंट्सनी त्या वर्षी १०७ सामने जिंकले होते. पुढच्या वर्षी त्याच कॅपलरच्या हाताखाली ८१ विजय आणि ८१ पराभव. त्याच्या पुढच्या हंगामाचे तीन सामने उरले असताना त्याला घरी पाठवलं. २०२२ साली तुमचा कौल मिळाला न्यू यॉर्क मेट्सच्या बक शोवॉल्टरला, विजय १०१. पुढच्या वर्षी ७५, आणि हंगाम संपता संपता निरोप. २०२३ साली मायामीचा स्किप शूमाकर, विजय ८४. पुढच्या वर्षी ६२ विजय, बरोबर शंभर पराभव, आणि तोही बाहेर. लागोपाठ तीन वर्षांचे तीन विजेते, आणि पुढच्याच हंगामात २६, २६ आणि २२ विजयांची घसरण.

या तिघांची अक्कल हिवाळ्यात थिजली का? २०२१ च्या हंगामानंतर जायंट्सचा कॅचर (आपल्या यष्टीरक्षकासारखा) बस्टर पोझी निवृत्त झाला. मेट्सचा हुकमी पिचर एडविन डियाझ २०२३ च्या मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमधला विजय साजरा करताना गुडघ्यातून गेला आणि हंगामभर बसला. मायामीच्या सँडी अल्कँटाराच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ मध्ये त्यानं एकही चेंडू टाकला नाही. मॅनेजर तेच, समोर बसलेली माणसं वेगळी.

मायामीचा २०२३ चा हंगाम तर मुद्दाम उलगडून बघण्यासारखा आहे. त्या संघानं वर्षभरात ६६६ धावा केल्या आणि ७२३ दिल्या. म्हणजे धावांच्या हिशेबात ५७ नं तोट्यात असलेला संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, गेला. कसा? तर एका धावेच्या फरकानं सुटलेले ४७ सामने, त्यांतले ३३ जिंकले. तुमच्यापैकी अनेकांनी लिहिलं की ही शूमाकरची करामत, अटीतटीच्या वेळी तो डगमगत नाही. मग पुढच्या वर्षी तो डगमगायला लागला असं म्हणायचं का? एका धावेचे सामने एखाद्या वर्षी तुमच्या बाजूनं पडतात, एखाद्या वर्षी पडत नाहीत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, आणि तुम्ही कावळ्याच्या पायात बळ शोधत बसता.

तुमची मतं ओळीनं मांडली की एक गोष्ट लख्ख दिसते. मार्चमध्ये तुमच्याच पानांवर छापलेलं भाकीत आणि सप्टेंबरअखेरचा गुणतक्ता, यांतलं अंतर ज्याच्या संघाचं सर्वांत मोठं, त्याला तुम्ही मत देता. अंदाज चुकला तुमचा आणि हार पडला त्याच्या गळ्यात. ज्या संघाकडून तुमची मुळातच अपेक्षा मोठी, त्याच्या मॅनेजरनं काय करावं? लॉस एंजेलिस डॉजर्सच्या डेव्ह रॉबर्ट्सनं २०२०, २०२४ आणि २०२५ अशा तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांतल्या अंतिम मालिका, जिंकल्या. तुमचा पुरस्कार त्याला एकदाच, पहिल्या वर्षी, २०१६ मध्ये. ब्रूस बोचीनं सॅन फ्रान्सिस्कोला तीन आणि टेक्ससला एक अशा चार वर्ल्ड सिरीज मिळवून दिल्या. त्यांतल्या एकाही वर्षी तुम्हाला तो वर्षातला उत्तम मॅनेजर वाटला नाही. त्याच्या नावावर तुमचं एकच प्रशस्तिपत्र आहे, १९९६ चं, सॅन डिएगोचं. आणि जो जिरार्डी! २००६ साली फ्लोरिडा मार्लिन्स ७८ विजय आणि ८४ पराभवांवर थांबले. तरी तुम्ही त्याला नॅशनल लीगचा उत्तम मॅनेजर ठरवलंत, कारण इतक्या स्वस्त आणि कोवळ्या संघाकडून तेवढंही कुणाला वाटलं नव्हतं. तुमचा निकाल नोव्हेंबरात लागला. मालकानं त्याला ऑक्टोबरातच काढून टाकलं होतं. एक तर तुम्ही चूक, नाही तर मालक चूक. दोघंही एकाच माणसाकडे बघत होता हेही मला खरं वाटत नाही.

मॅनेजरची खरी किंमत काढायची तर अदलाबदल करून बघावी लागते, आणि ती संधी क्वचितच मिळते. २०२३ च्या नोव्हेंबरात मिळाली. क्रेग काउन्सेल मिलवॉकीचा मॅनेजर होता, तुमच्या मतदानात अनेकदा दुसरा आलेला, या पिढीतला हुशार डोकेबाज म्हणून नावाजलेला. शिकागो कब्जनी आपल्या डेव्हिड रॉसला दूर करून काउन्सेलला पाच वर्षांसाठी चार कोटी डॉलरला उचललं. मॅनेजरला तोवर कुणीही एवढे पैसे मोजले नव्हते. मिलवॉकीत त्याच्या जागी बसला त्याचा मदतनीस पॅट मर्फी, ज्यानं काउन्सेलला कॉलेजात शिकवलं होतं. निकाल काय लागला? २०२३ मध्ये कब्जचे विजय होते ८३. काउन्सेल आल्यावर, २०२४ मध्ये, पुन्हा ८३. मिलवॉकीचे होते ९२. तो गेल्यावर ९३.

आकडे इतके सरळ पडले की बनवल्यासारखे वाटावेत. यावरून काउन्सेल बिनकामाचा, असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी कब्ज ९२ वर गेले आणि मिलवॉकी ९७ वर, म्हणजे साऱ्या मेजर लीगमध्ये पहिले. मर्फीनं माझा वरचा घसरणीचा नियमही मोडला; खिशात पॅनकेक घेऊन डगआउटमध्ये फिरणाऱ्या माणसाकडून नियम पाळण्याची अपेक्षा तरी का करावी? पण एक दिसतं. मिलवॉकीत तरुण पिचर शोधून घडवण्याची जी व्यवस्था आहे ती काउन्सेलबरोबर ट्रकमध्ये भरून शिकागोला गेली नाही. तुमच्या मतपत्रिकेवर त्या व्यवस्थेचं नाव लिहायला जागा नाही, म्हणून तुम्ही मर्फीचं लिहिता.

जुनं उदाहरण हवं असेल तर कॉनी मॅकचं घ्या. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचा हा मॅनेजर १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षं त्याच खुर्चीत होता. गणवेश कधी घातला नाही. कोट, टाय आणि ताठ कॉलर. संघात त्याची मालकीही होती, त्यामुळे त्याला काढणार कोण? त्याच्या नावावर ३,७३१ विजय आहेत. एवढे आजवर कुणाचे नाहीत. ३,९४८ पराभवही आहेत, आणि एवढे पराभवही कुणाचे नाहीत. १९१० ते १९१४ या पाच वर्षांत त्याच्या संघानं चारदा अमेरिकन लीग जिंकली आणि तीनदा वर्ल्ड सिरीज. मग पैशांची ओढाताण झाली, नव्या फेडरल लीगनं खेळाडू पळवायला सुरुवात केली, आणि मॅकनं संघ मोडायला काढला. १९१५ मध्ये ४३ विजय, १०९ पराभव. १९१६ मध्ये ३६ आणि ११७. सलग सात वर्षं तळाला. डगआउटमध्ये तोच माणूस, तेच डोकं, तोच कोट. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? १९२९ आणि १९३० मध्ये चांगले खेळाडू पुन्हा जमले आणि हाच मॅक पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकला.

इथवर वाचून तुमच्यातले आकडेवाले खूश होतील. फलंदाजीचा क्रम कितीही डोकं लढवून लावला तरी हंगामात फार तर दहा-पंधरा धावांचा फरक, आणि साधारण दहा धावा म्हणजे एक विजय, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. १६२ सामन्यांत एक-दीड विजय; मग मॅनेजर काय आणि डगआउटमधला पंखा काय! इथे मात्र मी त्यांची साथ सोडतो. मॅनेजरच्या हातात काय काय असतं हे बघायचं तर १९८० सालच्या ओकलंडला जाऊ.

आदल्या वर्षी ओकलंडच्या ॲथलेटिक्सनी १०८ सामने गमावले होते. स्टेडियम ओस; अख्ख्या वर्षात जेमतेम तीन लाख प्रेक्षक. मालक चार्ली फिन्लेनं बिली मार्टिनला आणलं. मार्टिनची ख्याती अशी की जाईल तिथे पहिल्या वर्षी संघ उठवणार आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भांडून बाहेर पडणार. मिनेसोटात तर एकाच हंगामात, डेट्रॉइटमध्ये तेच, टेक्ससमध्ये तेच. यँकीजनी तर त्याला एकूण पाचदा ठेवला आणि पाचदा घालवला. ओकलंडमध्ये त्याला पाच तरुण पिचर मिळाले : रिक लँगफर्ड, माइक नॉरिस, मॅट कीओ, स्टीव्ह मकॅटी आणि ब्रायन किंगमन. कुणीही तिशीला पोचलेला नव्हता. बुलपेनवर, म्हणजे राखीव पिचरवर, मार्टिनचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून त्यानं या पाचांना शेवटपर्यंत टाकायला लावलं. लँगफर्डनं सलग २२ सामने एकट्यानं पूर्ण केले. १६२ पैकी ९४ सामने ओकलंडच्या पिचरनी सुरुवात करून स्वतःच संपवले. अलीकडे तीसही संघ मिळून वर्षभरात चाळीस होत नाहीत.

संघ ५४ विजयांवरून ८३ वर गेला. पुढच्या वर्षी पहिले अकरा सामने सलग जिंकले आणि प्लेऑफ गाठली. मार्टिन देव झाला. त्याच्या पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, ६८ विजय आणि ९४ पराभव, मार्टिनला नारळ. ते पाचही हात? नॉरिसचा खांदा गेला. लँगफर्ड पुन्हा कधी पूर्वीसारखा टाकू शकला नाही. कीओचं तेच. पाचांतला एकही पहिल्या दर्जाचा पिचर म्हणून पुढे टिकला नाही. पिचरचे हात इतरही कारणांनी जातात, सगळं पाप मार्टिनच्या माथी मारता येणार नाही. पण पंचविशीतल्या मुलाला दर पाचव्या दिवशी नऊ-नऊ इनिंग टाकायला लावायचं की नाही, हे तेव्हा एकच माणूस ठरवत होता.

मॅनेजरचा परिणाम मी म्हणतो तो हा. २९ विजयांची वाढ त्यानंच घडवली आणि पाच कारकिर्दींचं भाडंही त्यानंच वसूल केलं. तुमचा पुरस्कार १९८० मध्ये असता तर मार्टिनला मिळाला असता, यात मला शंका नाही. लँगफर्डच्या कोपराचं बिल आलं तेव्हा मतपत्रिका कधीच पेटीत पडलेली असती. आज जो मॅनेजर जुलैच्या उकाड्यात, सलग तीन रात्री टाकलेल्या पिचरला चौथ्या रात्री हात लावत नाही, आणि त्यापायी एक सामना घालवून दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून शिव्या खातो, त्याचं काम तुमच्या तक्त्यात एक पराभव म्हणून जमा होतं.

तुमचं मतदान होतं कधी? हंगाम संपताच, प्लेऑफ सुरू व्हायच्या आत. म्हणजे ज्या महिन्यात मॅनेजरचा एकेक निर्णय आठवडाभराच्या मेहनतीइतका जड होतो, तो महिना तुमच्या हिशेबात धरलाच जात नाही. यातून २०२० साली जे झालं त्याला तोड नाही.

२७ ऑक्टोबर २०२०, आर्लिंग्टन, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टँपा बे १-० नं पुढे. ब्लेक स्नेल असा टाकत होता की डॉजर्सच्या पहिल्या तिघांना, बेट्स, सीगर आणि टर्नर यांना, त्यानं सहा वेळा बॅट धरायला लावली आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे फटका मारू न देता बाद, केलं. एकूण नऊ स्ट्राइकआउट, ७३ चेंडू. सहाव्या इनिंगमध्ये एक बाद असताना ऑस्टिन बार्न्सनं एक साधा फटका मारून पहिला बेस गाठला. स्नेलनं दिलेला तो फक्त दुसरा हिट. मॅनेजर केव्हिन कॅश डगआउटमधून निघाला. कॅमेऱ्यानं स्नेलचे ओठ टिपले, ते काय म्हणाले ते सोवळ्यात छापता येणार नाही. आत आला निक अँडरसन. बेट्सचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंतचा फटका), मग एक सुटलेला चेंडू आणि बरोबरी, मग सीगरच्या जमिनीवरच्या फटक्यावर बेट्स घरी, म्हणजे धाव पूर्ण. डॉजर्स ३-१ नं जिंकले आणि १९८८ नंतर पहिल्यांदा विजेते झाले. थोड्याच दिवसांत तुम्ही पाकीट उघडलंत : अमेरिकन लीगचा उत्तम मॅनेजर, केव्हिन कॅश.

त्या रात्री तुम्ही लिहिलेले लेख मी वाचले. जवळपास सगळ्यांचं म्हणणं एकच, स्नेलला काढायला नको होतं. मला यातलं अर्धंच पटतं. एकच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की फलंदाज त्याला जास्त चांगलं खेळतात, हे दशकांच्या आकड्यांतून दिसतं, आणि टँपा बे वर्षभर याच हिशेबानं जिंकत आला होता. कॅशची चूक दुसऱ्या टोकाला होती. अँडरसन त्या महिन्यात थकलेला होता, त्याआधीच्या सामन्यांतून धावा देत आला होता, आणि हे कॅशला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. कुणाला काढलं यावर कागद काळे झाले; कुणाला आणलं याबद्दल फार थोड्यांनी विचारलं.

सतरा वर्षं आधी बॉस्टनच्या ग्रेडी लिटलवर नेमका उलटा आळ होता. १६ ऑक्टोबर २००३, यँकी स्टेडियम, आठवी इनिंग, बॉस्टन ५-२ नं पुढे. पेड्रो मार्टिनेझ दमलेला दिसत होता. लिटल त्याच्यापाशी गेला, बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परतला. बरोबरी झाली. अकराव्या इनिंगमध्ये ॲरन बूनच्या होम रननं (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) यँकीज जिंकले. लिटलची नोकरी गेली. एकानं ठेवला म्हणून गाढव, दुसऱ्यानं काढला म्हणून गाढव.

आणि तोच बून पुढे यँकीजचा मॅनेजर झाला. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, दहावी इनिंग, यँकीज एका धावेनं पुढे. त्यानं नेस्टर कोर्टेसला आणलं, जो हाताच्या दुखण्यामुळे महिनाभराहून जास्त काळ सामन्यात उतरलाच नव्हता. डावखुरा टिम हिल बुलपेनमध्ये तयार होता. कोर्टेसनं पहिल्याच चेंडूवर ओहतानीला बाद केलं, बेट्सला मुद्दाम बेस दिला, आणि फ्रेडी फ्रीमननं पुढचा चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. बेस भरलेले असताना होम रन मारून वर्ल्ड सिरीजचा सामना संपवण्याची ती पहिलीच वेळ. आमच्या गणपतीतल्या वादाचा उगम बराचसा त्या रात्रीत आहे. बूनच्या बाजूनं बोलणारा मला अजून भेटायचा आहे, आणि मीही बोलणार नाही.

उलट बाजूचं उदाहरण ताजं आहे. १ नोव्हेंबर २०२५, टोरोंटो, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. बरोबरी, नववी इनिंग, बेस भरलेले, एकच बाद. रॉबर्ट्सकडे मैदानात होता योशिनोबु यामामोतो, ज्यानं आदल्याच रात्री ९६ चेंडू टाकले होते. एक चेंडू जमिनीवरून सेकंड बेसमन मिगेल रोहासकडे गेला आणि धावपटू घरी केसभरानं बाद झाला. त्याला तिसऱ्या बेसला चिकटून राहायची सूचना होती, कारण आदल्या रात्री असाच पुढे आलेला धावपटू अडकून टोरोंटोचा सामना संपला होता. ती सूचनाही कुणीतरी दिलेलीच होती. त्याच इनिंगमध्ये रॉबर्ट्सनं सेंटर फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या मधल्या भागात, अँडी पाहेसला उभं केलं होतं. पाहेसची बॅट त्या प्लेऑफभर मुकी होती. त्याला घेतलं ते क्षेत्ररक्षणासाठी. पुढच्या फलंदाजाचा फटका खोल गेला आणि पाहेसनं सहकाऱ्याच्या अंगावर धडकत तो झेलला. डॉजर्स अकराव्या इनिंगमध्ये जिंकले. याच रॉबर्ट्सला २०१८ आणि २०१९ च्या ऑक्टोबरांत पिचर बदलण्यावरून तुम्ही फाडून खाल्लं होतं. मला त्याच्या शहाणपणाची मोजणी पाहेसच्या झेलावरून करायची नाही. पण झेल मिळो की सुटो, तिथे तो माणूस उभा करणं हे मॅनेजरचं काम होतं आणि ते त्यानं केलं. मतदान करताना बघायला हेच मिळायला हवं.

यात आणखी एक गुंता. मॅनेजरची सत्ता वर्षागणिक कमी होते आहे. २०२० पासून पिचरनं किमान तीन फलंदाज खेळल्याशिवाय, किंवा इनिंग संपल्याशिवाय, त्याला काढता येत नाही. २०२२ पासून नॅशनल लीगमध्येही पिचरच्या जागी दुसरा फलंदाज आला आणि जुन्या मॅनेजरांची अर्धी बुद्धिबळं बंद झाली. २०२६ पासून स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला यंत्राकडे दाद मागता येते, पण ती पिचर, कॅचर किंवा फलंदाजानंच मागायची. डगआउटला तोंड नाही. कोण खेळणार, कुणाला विश्रांती, कुणासमोर कोण, यातलं बरंच वरच्या मजल्यावरून ठरून येतं. तरी सामना संपल्यावर माइकसमोर बसतो मॅनेजरच. दुसऱ्यांनी ठरवलेल्या गोष्टीचं समर्थन, रोज रात्री, तुमच्या तोंडावर, चेहरा न पाडता करायचं, हे आजच्या मॅनेजरचं मोठं काम झालं आहे. त्याचे गुण कोण देतं?

हकालपट्टीच्या लेखांबद्दल तर बोलायलाच हवं. २०२२ च्या ३ जूनला फिलाडेल्फियानं जिरार्डीला काढलं, तेव्हा संघ २२ विजय आणि २९ पराभवांवर होता. रॉब थॉमसन आला, ६५ जिंकले, ४६ हरले, थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत. चारच दिवसांनी लॉस एंजेलिस एंजल्सनी जो मॅडनला काढलं. त्यांचे पराभव थांबले नाहीत, हंगामही ८९ पराभवांवर संपला. गंमत म्हणजे थॉमसनचे पहिले तिन्ही विजय याच एंजल्सवर होते. तुमच्यासाठी फिलाडेल्फियाची गोष्ट 'मॅनेजर बदलला की संघ उठतो' याचा दाखला झाली आणि एंजल्सची गोष्ट विस्मरणात गेली. मे २०२५ मध्ये कोलोरॅडोनं बड ब्लॅकला काढलं : ४० सामन्यांत ७ विजय, आदल्या दिवशी २१-० असा मार. त्या दिवशी मात्र ते जिंकले होते, आणि जिंकल्यावर काढलं. पुढे उरलेल्या हंगामात काय बदललं? ११९ पराभवांवर गाडी थांबली. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हा ब्लॅकही तुमचाच २०१० चा विजेता बरं का.

तेव्हा मागणं असं. मतपत्रिका वर्ल्ड सिरीज संपल्यावर भरा. ऑक्टोबर हा छोटा आणि लहरी महिना आहे, मान्य. पण निकाल बघू नका, निर्णय बघा, आणि ते बघायला याहून चांगली जागा नाही. पहिल्या क्रमांकाच्या नावाखाली चार ओळी लिहा : या माणसानं वर्षभरात कुठला पिचर सांभाळला, कुठल्या पोराला वाईट दिवसांतही खेळवत ठेवलं, कुठल्या रात्री काय ओळखलं. चार ओळी सुचल्या नाहीत तर ती जागा कोरी ठेवण्याची मुभा स्वतःला द्या. शंभर सामने हरलेल्या संघाचा मॅनेजरही त्या चार ओळींच्या जोरावर तुमच्या यादीत येऊ शकला पाहिजे. आणि एवढं सगळं जमत नसेल तर निदान एक करा. तुमची मतं आता प्रसिद्ध होतातच. प्रत्येक मताशेजारी त्याच मतदाराचं मार्चमधलं भाकीत छापा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
न्यू जर्सीतला एक मराठी बेसबॉलवेडा